शाळेतल्या मुलींचा स्कर्ट किती लांब असावा, आणि तो नियम राबवायचा कसा?

डिचोली तालुक्यातल्या एका आईनं विचारलं आहे: मुलगी आठवीत आहे. शाळेनं यंदा डायरीत नवी सूचना चिकटवली, स्कर्ट गुडघ्याखाली ४ इंच हवा. सोमवारी प्रार्थना संपल्यावर तिच्यासकट सात मुलींना रांगेतून बाहेर काढलं, सगळ्यांसमोर फूटपट्टी लावून मोजलं आणि त्यातल्या तिघींना घरी पाठवलं. मुलगी तेव्हापासून शाळेत जायला तयार नाही. पालक-शिक्षक संघाची सभा पुढच्या आठवड्यात आहे. तिथं काय मागायचं? आणि शाळेनं असे नियम करावेत तरी कसे?

ताई, सभेचं नंतर बोलू. आधी मुलीला जवळ घेऊन बसा आणि तिला स्पष्ट सांगा की सोमवारी जे झालं त्यात तिची काही चूक नव्हती. तेरा वर्षांच्या मुलीच्या पायाशी कुणी सगळ्या शाळेसमोर वाकून पट्टी लावतं, तेव्हा किती इंच कमी भरले ते तिच्या लक्षात राहत नाही. मागच्या रांगेतून कोण हसलं ते राहतं. "तुझाच स्कर्ट आखूड होता ना" हे वाक्य घरात एकदाही यायला नको. आजीलाही तसं सांगून ठेवा.

मी ३४ वर्षं शिकवलं. पेडणे आणि फोंडा तालुक्यांतल्या अनुदानित हायस्कुलांत, शेवटची ९ वर्षं मुख्याध्यापिका म्हणून. गणवेशाचे नियम मी लिहिले आहेत, राबवले आहेत, आणि एकदा फार वाईट राबवले आहेत. तेच आधी सांगते, कारण पुढचं सगळं मी त्यातून शिकले.

जून संपत आला होता. नववीतली एक मुलगी, स्कर्ट गुडघ्याच्या चार बोटं वर. मी तिला ऑफिसच्या दारात उभं केलं आणि डायरीत लाल शाईनं रिमार्क लिहिला. दुसऱ्या दिवशी तीच मुलगी, तोच स्कर्ट. मला राग आला. तिला जवळ बोलावलं, आणि तेव्हा कुठे त्या स्कर्टच्या कडेकडे माझं लक्ष गेलं. निळ्या टेरिकॉटवर आडव्या घडीच्या रेषा होत्या. वरची जवळजवळ पुसलेली, त्याखालची पांढुरकी. आणि सगळ्यात खाली बोटभर पट्टी एकदम गडद निळी, नव्या कापडासारखी, कारण तेवढं कापड इतकी वर्षं आत दुमडलेलं होतं, त्याला ऊन लागलंच नव्हतं. आईनं दर वर्षी मुडप उसवून थोडं थोडं कापड सोडलं होतं. आता सोडायला काही उरलं नव्हतं, कडेला नुसती एक टीप होती. मुलगी काही बोलली नाही, खाली बघत उभी राहिली. मी दोन दिवस तिचा गुडघा बघत होते. कड बघितली असती तर रिमार्क लिहायला हात उचलला नसता. तिची माफी मी मागितली, पण ती ऑफिसमध्ये, आणि उभं केलं होतं सगळ्यांच्या देखत. हे मला आजही टोचतं.

शाळांनी आधी समजून घ्यायला हवं ते हे की या वयात स्कर्ट आपोआप आखूड होतो. साधारण १० ते १४ या वयात मुली झपाट्यानं वाढतात. वाढीचा जोर सगळ्यात जास्त असतो त्या वर्षात उंची ८ सेंटिमीटरपर्यंत वाढू शकते, आणि त्यात पाय आधी लांब होतात, धड मागाहून. शाळा सुरू होताना गुडघ्याखाली असलेला स्कर्ट वर्ष संपताना वर सरकलेला दिसतो. त्यात तिनं काहीच केलेलं नसतं. दुसरं, अंग भरतं तसा तोच स्कर्ट वर ओढला जातो. एकाच उंचीच्या दोन मुलींना २२ इंचांचा स्कर्ट घाला. सडपातळ मुलीचा गुडघा झाकलेला दिसेल, भरल्या अंगाच्या मुलीचा उघडा. आता पट्टी घेऊन उभ्या राहिलात तर शिक्षा कुणाला होणार? जिचं शरीर लवकर मोठं झालं तिला. आणि नेमकी तीच मुलगी त्या काळात खांदे पाडून, छातीशी दप्तर धरून चालत असते. वर्गशिक्षिकेला हे दिसत असतंच, फक्त नियम हातात आला की विसरायला होतं.

कायद्याचं थोडक्यात सांगते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला, दोन्हींना मनाई करतं. तो कायदा ६ ते १४ वयाचा. पण आपल्या गोव्याचा स्वतःचा २००३ चा बाल कायदा आहे, तो १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना धरतो आणि शाळांतल्या शारीरिक शिक्षेवर त्यातही बंदी आहे. म्हणजे दहावीच्या मुलीबद्दलही शाळेला हात झटकता येत नाहीत. सभेत मात्र याची सुरुवात करू नका. कायद्याचं नाव निघालं की व्यवस्थापन लगेच अंग चोरतं आणि बोलणं तिथंच संपतं. कागद पिशवीत असू द्या.

दोन गोष्टींवर मात्र अजिबात माघार घेऊ नका. एक, मुलीच्या अंगाला पट्टी, टेप किंवा हात कुणी लावायचा नाही. शिक्षिकेनंही नाही, आणि मॉनिटर मुलींकरवी तर मुळीच नाही. गुडघे टेकून बसवायचं आणि स्कर्ट जमिनीला लागतो का बघायचं, ही पद्धतही काही ठिकाणी चालते. तीही तितकीच वाईट. दोन, गणवेशासाठी मुलीला शाळेतून घरी पाठवायचं नाही. सकाळी आठ-साडेआठला तुम्ही तिला फाटकाबाहेर काढता तेव्हा आईबाप कामावर गेलेले असतात, घराला कुलूप असतं आणि गावाकडची पुढची बस कधी आहे हे तिलाही ठाऊक नसतं. हजेरीपटावर ती हजर, आणि प्रत्यक्षात बसस्टँडवर एकटी. तेवढ्या वेळात काही झालं तर जबाबदार कोण, हा एकच प्रश्न सभेत शांतपणे विचारा.

आता "मुलांचं लक्ष विचलित होतं" या कारणाबद्दल. तुमच्या सभेत कुणीतरी हे बोलणारच, बहुतेक मागच्या बाकावरचे कुणी काका, आणि मनापासून, मुलींच्या काळजीनं बोलणार. आमच्याकडेही असंच झालं होतं. तक्रार अशी होती की सुटीत मुलं जिन्याखाली घोळका करून उभी राहतात, म्हणून मुलींचे स्कर्ट लांब करा. मी दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत स्वतः जिन्याखाली जाऊन उभी राहिले. जिन्याला लोखंडी गजांचा कठडा होता आणि पायऱ्यांच्या मधे उभ्या फटी. खालून वर सगळं दिसत होतं. स्कर्ट घोट्यापर्यंत असता तरी दिसलं असतं. फॅब्रिकेशनवाल्याला बोलावून कठड्याला आतून पत्रा लावून घेतला, पायऱ्यांच्या फटी बंद केल्या. दोन दिवसांचं काम. घोळका त्या आठवड्यात मोडला. नंतर आठवी ते दहावीच्या मुलांना वेगळं बसवलं आणि आमच्या शारीरिक शिक्षणाच्या सरांनी त्यांच्याशी तासभर बोलणं केलं: बघणं कुठे संपतं आणि त्रास देणं कुठे सुरू होतं, आपल्या बहिणीनं घरी येऊन असं सांगितलं तर काय वाटेल. मुलं गप्प बसून ऐकत होती. त्यांच्याशी तोवर कुणी हे बोललंच नव्हतं. मुलांच्या नजरेचा हिशोब मुलींच्या कापडातून वसूल करायचा, हे मला कधीच पटलं नाही, आणि मुलांबद्दलही ते अपमानकारक आहे.

मग लांबीचा नियम नकोच का? हवा. गणवेश आहे म्हटल्यावर त्याचं माप लिहावंच लागतं, नाहीतर शिंपी आपल्या मनानं कापतो आणि पालकही गोंधळतात. पण तो नियम शिवण्याच्या वेळचा असावा. मी शेवटी असा लिहिला होता: "स्कर्ट शिवून घेताना गुडघ्याच्या खाली २ इंच ठेवावा. आत ३ इंच मुडप ठेवावी. वर्षभरात तो गुडघ्यापर्यंत वर आला तर हरकत नाही. त्याहून वर गेला तर मुडप सोडून घ्यावी. मुडप संपली असेल तर वर्गशिक्षिकेला सांगावं, शाळा व्यवस्था करील." बस. माप घ्यायचं ते घरी, आईनं, कमरेपासून गुडघ्यापर्यंत. शाळेत कुणी काही मोजत नाही.

मुडपीचं महत्त्व शहरी पालकांना कळत नाही, पण सगळी मेख तिथंच आहे. तयार स्कर्टला जेमतेम इंच-सव्वा इंच मुडप असते, कारण कापड वाचतं. म्हापशाच्या बाजारात घ्या नाहीतर फोंड्याला, आधी स्कर्ट उलटा करून आतली मुडप बघा. शिंप्याकडून शिवून घेत असाल तर मुडप हातशिलाईची सांगा, मशीनच्या टिपेची नको. हातशिलाई आई घरी पाच मिनिटांत उसवते आणि भोकं दिसत नाहीत. टेरिकॉटवर जुन्या घडीची रेषा राहते ती पांढऱ्या स्वच्छ विनागरात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, निम्मं पाणी घालून, फडकं भिजवून, त्यावरून इस्त्री फिरवली की बरीच जाते. आधी आतल्या कोपऱ्यात करून बघा. आपल्या माडाच्या विनागराला रंग असतो, तो नका वापरू. शाळेनं एवढं डायरीत छापलं तरी निम्म्या तक्रारी बंद होतील.

"गुडघ्याखाली ४ इंच" हे माप मला गोव्यासाठी चुकीचंच वाटतं. आपल्याकडे पावसाळ्यात सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तुमच्या भागात रस्त्यावर तांबडा चिखल. पोटरीपर्यंतचा स्कर्ट रेनकोटच्या खाली लोंबतो, भिजतो, आणि मग ती मुलगी ओला स्कर्ट मांडीला चिकटवून दुपारपर्यंत वर्गात बसते. त्यातून मांड्या सोलवटतात, खाज सुटते, आणि लाजेनं कुणाला सांगत नाही. बसची पायरी उंच असते. पाठीवर दप्तर, एका हातानं दांडा धरायचा आणि दुसऱ्या हातानं लांब, कमी घेराचा स्कर्ट सावरायचा. पाय पुरता उचलता येत नाही. म्हणून लांबीइतकाच घेर बघायला हवा. कुठलंही डिझाइन ठरवण्याआधी दोन मुलींना, त्यांच्या इच्छेनं, नमुन्याचा स्कर्ट घालायला द्या. बसमध्ये चढणं, जमिनीवर मांडी घालून बसणं, बाबांच्या स्कूटरवर मागे बसणं, वाऱ्यात मैदान ओलांडणं. हे सगळं करताना हात कितीदा स्कर्ट ओढायला जातो, ते त्यांनाच विचारा. जिथं हात जात नाही ते माप बरोबर.

आत गडद रंगाची शॉर्ट घालायला शाळेनं उघडपणे परवानगी द्यावी. काही शाळा "गणवेशाबाहेरची वस्तू" म्हणून तिलाही अडवतात. का, ते मला कधी कळलेलं नाही.

आणि स्कर्टला पर्याय हवाच. त्याच कापडाची पँट किंवा सलवार-कमीज, जिला जे हवं ते, आणि तेही कुठल्याही दिवशी बदलून. केरळमध्ये एर्नाकुळम जिल्ह्यातल्या वळयनचिरंगरा इथल्या सरकारी प्राथमिक शाळेनं २०१८ मध्ये मुलामुलींना एकच शर्ट आणि गुडघ्यापर्यंतची चड्डी आणली. पळायला, खेळायला सोपी. पुढे २०२१ मध्ये कोळिकोड जिल्ह्यात बालुश्शेरीच्या उच्च माध्यमिक शाळेत मुलींना शर्ट-पँट आली तेव्हा काही संघटनांनी सक्ती म्हणून विरोधही केला. मला दोन्हीतून एकच दिसतं: पँट सोयीची आहे, पण ती लादली की तीही स्कर्टसारखीच अडचण होते. गोव्यात तर एका वाड्यावर फ्रॉक घालणारी साठीची शेजारीण असते आणि तिच्या अंगणालगत नऊवारी नेसणारी आजी. आपल्याला यात शिकवायला बाहेरून कुणी यायची गरज नाही. आमच्या शाळेत पर्याय दिल्यावर सगळ्या मुली सलवारीकडे जातील असं शिक्षकांना वाटलं होतं. काही गेल्या, काही स्कर्टमध्येच राहिल्या, काही जणी पावसात पँट आणि उन्हाळ्यात स्कर्ट घालू लागल्या. शाळा अगदी नीट चालली.

पांढऱ्या पीटीच्या गणवेशाबद्दल मला फार वाटतं म्हणून लिहिते, तुम्ही विचारलं नसलं तरी. पांढरा स्कर्ट आणि पाळी सुरू होण्याचं वय, हे जोडून ज्यानं कुणी ठरवलं त्यानं मुलींना विचारलं नव्हतं. त्या दिवशी मुली दांडी मारतात, किंवा दिवसभर बाकावरून उठत नाहीत, फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं तर "येत नाही" म्हणतात. गणित येत असतं. आम्ही खालचा भाग गडद निळा केला, वरचा टी-शर्ट पांढरा ठेवला. एका ठरावात झालं. त्याच वेळी शिक्षिकांच्या खोलीबाहेर एक कपाट ठेवलं. त्यात दहावी होऊन गेलेल्या मुलींनी धुऊन, इस्त्री करून दिलेले स्कर्ट आणि पँटी, सेफ्टी पिना, सुईदोरा, पॅड, टॉवेल. सगळं एकाच कपाटात, मुद्दाम. कपाटाकडे जाणारी मुलगी पॅड घ्यायला चालली आहे, की घरी नवा स्कर्ट परवडत नाही म्हणून चालली आहे, हे बघणाऱ्याला कळता कामा नये. नोंदवही नाही, नाव नाही. "कुणीतरी सगळंच उचलून नेईल" असं एका सरांना वाटत होतं. तसं काही झालं नाही.

आता खरंच मुद्दाम कमरेशी दोन घड्या घालून स्कर्ट वर घेणाऱ्या मुली. असतात, आणि तुमच्या सभेत कुणी हा मुद्दा काढला तर तो खोटा म्हणू नका. शाळेचं फाटक ओलांडलं की घडी सोडायची, मधल्या सुटीत पुन्हा घालायची. पंधराव्या वर्षी आपण कसे दिसतो हे बघावंसं वाटतं, त्यात पाप नाही. तिथं वर्गशिक्षिकेनं जाता जाता, हळू आवाजात, फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणायचं, "घडी सोडून ये गं, मग बस." एवढंच. सोबत "चांगल्या घरच्या मुली" वगैरे एक शब्द नको. पुरुष शिक्षकांनी हा विषय स्वतः बोलू नये, वर्गशिक्षिकेला किंवा समुपदेशक बाईंना सांगावं. त्यांनाही त्यात सुटल्यासारखं वाटतं, हे मी पाहिलं आहे. चार-पाच वेळा सांगूनही फरक पडला नाही तर बसवून विचारा की स्कर्टमध्ये तिला काय आवडत नाही. एकीनं मला सांगितलं होतं की तिचा स्कर्ट मोठ्या बहिणीचा आहे, कमरेत तीन इंच सैल, घडी घातली नाही तर खाली घसरतो. हूक सरकवून दिला. विषय संपला.

सभेत काय मागायचं ते आता सांगते. सोमवारच्या सात मुलींशी मुख्याध्यापकांनी बोलावं आणि झालं ते चुकलं असं म्हणावं. त्याच रांगेत, प्रार्थनेनंतर, मुलींची नावं न घेता, "अशी मोजणी पुन्हा होणार नाही" हे जाहीर करावं. रांगेत झालेलं रांगेतच निस्तरायचं. यंदाची ४ इंचांची सूचना मागे घ्यावी, कारण वर्षाच्या मध्यावर नवा स्कर्ट शिवायचा खर्च कुणावर का टाकायचा? आणि पुढच्या वर्षासाठी एक छोटी समिती करावी. त्यात दोन आया, एक वडील, दोन शिक्षिका, आठवीची एक आणि दहावीची एक मुलगी, आणि हो, एक शिंपी. मुली कमीत कमी दोन असू द्या, एकटी मुलगी मोठ्यांपुढे बोलत नाही. निर्णय दिवाळीच्या सुटीनंतर लगेच घ्या म्हणजे पालकांना कापड बघायला वेळ मिळतो, आणि जुना गणवेश फाटेपर्यंत चालेल असं त्याच परिपत्रकात लिहा. एकाच दुकानातून घ्यायची सक्ती नको. कापडाचा नमुना आणि माप द्या, लोक आपलं बघून घेतील.

एकट्या उभ्या राहू नका. त्या बाकीच्या सहा मुलींच्या आयांना आजच फोन करा. दोघी-तिघी जरी आल्या तरी बोलण्याला वजन येतं, आणि तुमच्या मुलीचं नाव वेगळं काढलं जात नाही.

आणि एक करा. सभेला जाताना मुलीचा स्कर्ट पिशवीत घालून न्या. बोलायची वेळ आली की तो टेबलावर उलटा पसरा, आतली मुडप मुख्याध्यापकांना दाखवा, किती उरली आहे ती. फूटपट्टी तिथं लावू द्यायला हरकत नाही. फक्त घरातून निघण्याआधी मुलीला विचारा, स्कर्ट नेलेला तिला चालेल का.